बुधवारचा वर्ग

आमच्याकडं गाईचं अंग बाहेर आलं तर रात्री बारा वाजता गुरांच्या डॉक्टरला आणायला माणूस मोटरसायकल काढतो. अख्खी आळी बॅटऱ्या घेऊन गोठ्यात उभी राहते. कोणी पाणी तापवतं, कोणी धुतलेलं धोतर आणून देतं, बाहेर आलेल्या भागाला शेण-माती लागू नये म्हणून. डॉक्टर तो भाग धुऊन आत बसवतो, टाके घालतो आणि जाताना सांगतो, ‘मागची बाजू उंच राहील असं बांधा.’ मग आठ दिवस घरातला कर्ता माणूस दिवसातून चार वेळा वाकून गाईच्या मागं बघतो आणि पारावर बसून सगळ्यांना सांगतो, की आता बरं आहे. त्यात कोणाला लाज वाटत नाही. वाटायचं कारणही नाही, गाय घराचं धन आहे.

बाईचं अंग बाहेर आलं तर ते फक्त तिच्या लुगड्याला माहीत असतं.

माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्या खुरपायला बसल्या की पाय थोडे वेगळे टाकून बसायच्या, उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवायच्या. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. शेवटच्या आजारपणात त्यांना अंघोळ घालायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी बघितलं. चिंधीचा बोळा करून त्यांनी आत धरून ठेवला होता. मी म्हटलं, ‘आत्या, हे कधीपासनं?’ त्या म्हणाल्या, ‘धाकट्याच्या बाळंतपणात सातव्या दिवशी पाण्याला गेले बघ, तवापासनं.’ धाकटे दीर तेव्हा चाळिशीच्या पुढं होते. म्हणजे चाळीस वर्षं ही बाई बोळा धरून पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी करत होती. घरात नवरा होता, तीन लेक होते, आम्ही सुना होतो. कोणाला पत्ता नाही.

त्यांना मी विचारलं, ‘कोणाला सांगितलं का न्हाई?’ तर म्हणाल्या, ‘काय म्हणून सांगायचं?’ हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. खरोखरच काय म्हणून सांगायचं, कोणता शब्द वापरायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायका आपसात बोलायच्या त्यालाही आडोसाच असायचा. ‘कंबर धरलीय’ म्हणजे कधी पाळीचं दुखणं, कधी पांढरं जाणं, कधी अंग उतरणं. ‘अंगावरून जातंय’ एवढ्या दोन शब्दांत दहा रोग दडलेले असायचे. मी दहावीपर्यंत शिकले. काळ्या मातीत काय पिकतं आणि तांबड्या मातीत काय, हे पाठ होतं. पण स्वतःच्या पोटाच्या खाली काय काय आहे, याचं चित्र कोणी कधी दाखवलं नाही.

माझंही वय साठीच्या पुढं गेलं आणि ठसका लागला की लघवी सुटायला लागली. शिंक आली, मोठ्यानं हसले, वैरणीची पेंढी उचलली, की ओलं. लग्नाकार्याला जायच्या आधी मी सकाळपासून पाणी प्यायचं सोडून द्यायची. एस.टी.त बसायचं तर घसा कोरडा ठेवून. माझ्या वयाच्या बायकांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, ‘वय झालं, आता हे आसंच.’ संध्याकाळी शेतातून आले की खाली काहीतरी ओघळल्यासारखं जड वाटायचं. झोपलं की बरं वाटायचं. सासूबाई डोळ्यांपुढं यायच्या.

अशातच आशाताई घरोघर सांगत आली, की दर बुधवारी दुपारी बायकांचा वर्ग घ्यायचाय, व्यायामाची एक ताई शहरातून येणार आहे, फक्त बायकांनीच यायचं. मंगळवारचा बाजार झालेला असतो आणि बुधवारी दुपारी जरा सवड असते, म्हणून बुधवार. गुढीपाडवा होऊन गेला होता. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते लोक नुकते परत आले होते. त्यामुळे वर्गाला बायका मिळाल्या.

पहिला वर्ग मारुतीच्या सभामंडपात ठेवला होता. सहा जणी आलो. चार जणी पायरीच्या खालीच उभ्या, का तर पाळीत होत्या. ताई म्हणाली, ‘ज्यांच्यासाठी वर्ग आहे त्याच बाहेर उभ्या राहणार असतील तर जागा बदलू.’ पुढच्या बुधवारपासून वर्ग अंगणवाडीच्या खोलीत गेला. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या. दारात आशाताईची सासू बसायची, येईल त्या पोराला आणि बाप्याला हुसकून लावायला. घरी सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, बचत गटाची मीटिंग आहे.

ताई पंचविशी-तिशीतली, फिजिओथेरपी शिकलेली. तिनं आधी भिंतीवर चित्र लावलं. कमरेची हाडं म्हणजे बिनबुडाची पाटी. वरून पोटाचं वजन, पुढं लघवीची पिशवी, मधे गर्भाची पिशवी, मागं शौचाची जागा. हे सगळं खाली पडत नाही, कारण त्या पाटीला खालून मांसाची एक झोळी बांधलेली आहे. मागच्या माकडहाडापासून, म्हणजे गुदद्वाराच्या मागच्या टोकापासून, पुढं ओटीपोटाच्या हाडापर्यंत. पुस्तकात तिला श्रोणीतळ म्हणतात. बाळंतपणात ती ताणते. लवकर उठून जड उचललं, वर्षानुवर्षं शौचाला जोर करत बसलं, जुनाट खोकला राहिला, पाळी गेल्यावर अंग सुकलं, की ती आणखी सैल होते.

आमच्यात एक ऐंशीच्या घरातली आजी होती. ती म्हणाली, ‘म्हंजी बाजेवानी म्हण की. बाज सैल पडली की माणूस भुईला टेकतंय. मग पायथ्याची दोरी वढून ताणावी लागती.’ ताईनं टाळी वाजवली. पुढं सगळ्या वर्गात त्या झोळीला बाजच म्हणायला लागले.

आता दोरी ओढायची कशी, हा प्रश्न. ताई म्हणाली, ‘पोटात वारा धरला आणि चारचौघांत बसलोय, तर तो थांबवायला आपण जे आवळतो, तेच आणि लघवी थांबवायला जे आवळतो, तेच. दोन्ही एकदम, आत आणि वर ओढायचं.’ आजी लगेच म्हणाली, ‘पंगतीत बसल्यावर करताव तसं.’ त्या दिवशी खोली हसून हसून लोळली, आणि हसताना निम्म्या बायकांना ओलं झालं. ते एकमेकींना सांगितल्यावर तर आणखी हसू. वर्गातली लाज त्या दिवशी गेली. त्याआधी आम्ही एकमेकींच्या वैलाजवळ बसून पन्नास वर्षं बोलत होतो, पण ही गोष्ट पहिल्यांदा निघाली.

ताईनं शिकवलेलं जसं लक्षात आहे तसं सांगते. आधी पाठीवर पडून, गुडघे दुमडून करायचं, नंतर बसून, मग उभ्यानं. आवळायचं, तीन मोजायचे, सोडायचं. सोडणं पूर्ण झालं पाहिजे, आवळण्याइतकंच सोडण्याला महत्त्व. हळूहळू तीनाचे पाच, पाचाचे दहा. दहा वेळा झालं की एक फेरी, दिवसातून तीन फेऱ्या. शेवटी भराभर आवळ-सोड दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. पोट, मांड्या, ढुंगण घट्ट करायचं नाही. लघवी करता करता मधेच थांबवून रोज व्यायाम करायचा नाही, त्यानं लघवी तुंबायची सवय लागू शकते. आणि खोकला येणार, शिंक येणार, घागर उचलणार, असं वाटलं की आधी आवळायचं, मग उचलायचं, उचलताना श्वास बाहेर सोडायचा. मी तर घागरीला हात लावायच्या आधी मनात ‘बाज’ म्हणायला लागले.

ती म्हणाली, हे काही आजचं नाही. अमेरिकेत केगल नावाच्या डॉक्टरनं १९४८ साली हे व्यायाम लिहून ठेवले. आपल्याकडं योगातला मूलबंध त्याच जातीचा. पण तो आमच्यापर्यंत कुठं आला होता?

व्यायामाएवढाच वेळ तिनं रोजच्या जगण्यावर घातला. पाणी तोडायचं नाही. कमी पाण्यानं लघवी जास्त जळते आणि शौचाला खडा होतो, खडा झाला की जोर करावा लागतो, म्हणजे पुन्हा बाजेवर भार. बाहेर जायची सोय नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवणं वाईट. पांढरं पाणी थोडं जाणं हा रोग नव्हे. वास येतो, खाज सुटते, रंग बदलतो, तर दाखवायचं. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा लाल दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि सगळ्यांना हा व्यायाम लागू नाही. काहींची झोळी सैल नसते, आखडलेली असते, त्यांना आवळून जास्त दुखतं. म्हणून ती प्रत्येकीला वेगळं बसवून विचारायची.

मला फरक पडायला दीड-दोन महिने लागले. पहिले पंधरा दिवस काहीच कळलं नाही, आवळतेय का नुसती भुवया चढवतेय हेही कळत नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला एकदा चुलीच्या धुरानं जोरात ठसका लागला आणि लुगडं कोरडं राहिलं. ही गोष्ट मी मालकांना सांगितली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असलं काही त्यांना पहिल्यांदा सांगत होते. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘मायचं बी आसंच हुतं का गं?’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी येतं, ते टाकीत साठवून तिथून घागरीनं घरात न्यावं लागायचं. त्यांनी कंबरेएवढा कट्टा बांधला, त्यावर टाकी चढवली, खाली तोटी बसवली आणि स्वयंपाकघरापर्यंत नळी ओढली. खर्च फार आला नाही. तीस वर्षं आधी बांधता आला असता असा कट्टा होता तो.

व्यायामानं सगळ्यांचं बरं झालं असं मी लिहिणार नाही. माझ्या चुलत सासूचं अंग पुरतं बाहेर होतं, घासून घासून जखम झालेली. ताई म्हणाली, ‘मावशी, ह्याला नुसता व्यायाम पुरणार नाही.’ आशाताई त्यांना अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. आधी जखम बरी केली, मग रबरासारखी मऊ रिंग आत बसवली. ती ठरल्या वेळी काढून, धुऊन, तपासून परत घालायला जावं लागतं. मावशी म्हणतात, ‘बोळा टाकून दिला बाई, आता देवळाच्या पायऱ्या चढते.’ त्यांना ऑपरेशनही सांगितलं होतं, ते त्यांनी वयामुळं नको म्हटलं.

वर्गात खरा पेच आला तो एका तिशीतल्या पोरीचा. आमच्या आळीतलीच सून. सतराव्या वर्षी लग्न, तेव्हापासून नवऱ्याबरोबर कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम उचल देतो ती दोघांना मिळून. एक दिवस कामाला बसलं की खाडा. तिच्या अंगावरून पांढरं जात होतं आणि कंबर मोडल्यासारखी दुखत होती. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि तिला सांगितलं, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर.’ दिवाळीच्या आधी काढायची, पैसे उचलीतून, असं घरी ठरलं होतं.

तिची सासू तिच्याबरोबर वर्गाला आली आणि भांडायलाच आली. म्हणाली, ‘मी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. मला काय झालं? महिन्याचा तरास मिटला, खाडा मिटला. दोन लेकरं झाली, आता पिशवी ठिवून काय पूजा करायची हाय?’ कोणाला उत्तर देता येईना. कारण तिचं बोलणं हिशेबाला धरूनच होतं. उसाच्या फडात न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटे चारला कोपीतून निघायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. तिथं पिशवी ही बाईला अडचणच वाटणार. आमच्या जिल्ह्यातल्या या ऑपरेशनांचा गवगवा झाला तेव्हा, २०१९ साली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. हे आकडे पेपरात आले तेव्हा बाहेरच्या लोकांना धक्का बसला. आम्हाला त्या बायका कोणकोणत्या घरातल्या ते माहीत होतं.

ताई सासूवर चिडली नाही. तिला विचारलं, ‘मावशी, ऑपरेशननंतर कंबर राहिली का?’ सासू थोडी घुटमळली. म्हणाली, ‘कंबर हायच. आता टाचा बी दुखत्यात, आन् अंगातनं वाफा निघत्यात.’ मग ताईनं चित्रावर हात ठेवून सांगितलं, की पिशवी काढली तरी खालची बाज तशीच सैल राहते, पुढं आतला भाग खाली येऊ शकतो. तिच्याबरोबर बीजकोशही काढले तर म्हातारपण वीस वर्षं आधी येतं, हाडं ठिसूळ होतात. कधी कधी पिशवी काढावीच लागते, गाठी असतात, रक्त थांबत नाही, कॅन्सर निघतो. पण पांढरं जाणं आणि कंबर दुखणं एवढ्यावर नाही. ‘मी काढू नका म्हणत नाही. दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवा, मग ठरवा.’ गडचिरोलीच्या राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टरांची गोष्टही तिनं त्या दिवशी सांगितली. दोन गावांतल्या साडेसहाशे बायका त्यांनी तपासल्या, तर शंभरातल्या ९२ जणींना खालचा काही ना काही आजार निघाला आणि बहुतेकींची त्याआधी कधी तपासणीच झालेली नव्हती. १९८९ साली ते परदेशातल्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ऐकून सासू म्हणाली, ‘म्हंजी समद्यांचंच हाय तर.’ आणि खाली बसली.

पोरीला अंबाजोगाईला नेलं ते मी आणि आशाताईनं. तपासणीत आतल्या जंतूंचा त्रास निघाला. गोळ्या तिला दिल्या आणि नवऱ्यालाही. त्याला का, म्हणून तो आधी तणतणला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तुम्ही घेतल्या नाहीत तर तिला परत होणार.’ मग घेतल्या. महिन्याभरात पाणी जायचं थांबलं. कंबर व्यायामानं हलकी झाली, पुरती नाही. पिशवीचं ऑपरेशन त्या वर्षी टळलं.

त्याच भाद्रपदात आमची सून बाळंत झाली. सोयाबीन काढणीला आलं तेव्हा तिला पंधरा दिवस झाले होते. मजूर मिळेना. गुत्तेदार एकराला चार हजाराच्या खाली बोलेना. लेक म्हणाला, ‘ती नुसतं गंजीजवळ बसून ढीग लावील.’ मी म्हटलं, सव्वा महिना ती घागरही उचलणार नाही, गुत्तं द्या. घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी मालकांनी गुत्तं दिलं आणि त्या वर्षी सोयाबीनमध्ये हातात फारसं उरलं नाही. आपल्या जुन्या बायकांनी सव्वा महिना ठरवला होता तो शहाणपणाचाच. पण तो पाळायचा तर घरात दुसरे हात लागतात नाहीतर पैसा लागतो, म्हणून तो मोठ्या वाड्यांत पाळला गेला आणि आमच्या सासूबाई सातव्या दिवशी पाण्याला गेल्या. सून दहाव्या-बाराव्या दिवसापासून पडल्या पडल्या हलकं आवळायला लागली. मी बाळाला शेक देता देता आकडे मोजायची.

दसऱ्याच्या पुढं टोळ्या निघाल्या. जाण्याआधीच्या बुधवारी ताईनं तोडीला जाणाऱ्या अकरा जणींचा वेगळा वर्ग घेतला. तिनं खरं तेच सांगितलं, की ह्या व्यायामानं मोळीचं वजन कमी होत नाही आणि फडात न्हाणी उभी राहत नाही. ती मागणी मुकादमाकडं, कारखान्याकडं, सरकारकडं करावी लागेल. तोपर्यंत मोळी बारीक बांधा, डोक्यावर घेताना दुसरीनं हात लावा, आवळून मग उचला, पाणी प्या.

आमच्या आळीतली ती पोरगीही गेली. तिचा नवरा तिच्यासाठी मोळ्या बारीक बांधायचा. त्यावरून मुकादमानं शिव्या दिल्या, फेऱ्या जास्त होतात म्हणून. एक दिवस रात्री तिचा फोन आला, कोपीतून. म्हणाली, ‘काकू, इथं शेजारच्या टोळीतल्या तिघी जणी विचारायल्यात, कसं करायचं ते. मी सांगू का? मला येतंय का नीट?’ मी म्हटलं, ‘तू मोज, मी ऐकते.’ तिनं फोनवर मोजलं. तिसऱ्याला ती थांबत होती, मी सांगितलं पाचापर्यंत जा, आणि सोडताना घाई करू नको.

आता वर्गाला एकोणीस-वीस जणी असतात. ताई महिन्यातून एकदा येते, बाकीचे बुधवार आम्हीच चालवतो. घरी बचत गटाची मीटिंग असं कोणी सांगत नाही. मागच्या बुधवारी तोडीवरून आलेल्या पोरीची सासूही येऊन भिंतीला टेकून बसली. टाचांच्या दुखण्याचं विचारायला आलेय म्हणाली. चटई एक कमी होती, ती आम्ही पोत्यावर भागवली.